कर्बाची रोजकीर्द

अठराव्या शतकाच्या मध्यास एडिंबरो येथील वैद्यकाच्या दोन अध्यापकांत चुन्यावरून जो वाद माजला होता, तो कोकणातल्या एखाद्या चुनाभट्टीवाल्याच्या कानी गेला असता तर त्याने तो हसून सोडून दिला असता. कारण शिंपल्यांचा चुना चांगला की दगडाचा चांगला हा प्रश्न आमच्याकडे पानाच्या डबीपुरता आणि भिंतीच्या गिलाव्यापुरताच होता, तिकडे मात्र त्यावर मनुष्याच्या जीविताचा भार येऊन पडला होता. मूतखड्याच्या व्याधीने त्या काळी विलायतेतले लहानथोर सारखेच गांजलेले असत, आणि जोआना स्टीफन्स नावाच्या एका बाईने अंड्यांची भाजलेली टरफले, गोगलगाई, साबण वगैरे पदार्थांपासून केलेल्या गुप्त औषधाचा एवढा बोलबाला झाला की, त्याची कृती प्रसिद्ध व्हावी म्हणून पार्लमेंटने १७४० च्या सुमारास तिला ५,००० पौंड मोजून दिले. त्या औषधातला गुण टरफलांच्या चुन्यात असावा असा तर्क पुढे निघाला आणि रोग्यांना चुन्याची निवळी पाजण्याचा प्रघात पडला. रॉबर्ट व्हिट हे कालवांच्या शिंपल्यांचे पक्षपाती, चार्ल्स ॲल्स्टन हे दगडाचे. आणि या दोन पक्षांच्या कैचीत, पदवीचा प्रबंध लिहावयास बसलेला जोसेफ ब्लॅक नावाचा एक तरुण सापडला, ज्याने शहाण्या उमेदवाराला शोभेल अशा सावधपणाने चुना हा विषयच बाजूला ठेवला आणि मॅग्नेशिया नावाची पांढरी, निरुपद्रवी भुकटी परीक्षेस घेतली.

हा ब्लॅक १७२८ साली फ्रान्समधील बोर्डो येथे, मद्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात जन्मला होता, आणि वजनमापाची चोख सवय त्याने पेढीवरून उचलली की काय, असे मला त्याचा निबंध वाचताना नेहमी वाटते. एक औंस मॅग्नेशिया त्याने मुशीत घातले, तांबे वितळेल इतक्या आचेवर सुमारे तासभर ठेवले आणि थंड झाल्यावर पुन्हा तराजूत घातले, तो बारा हिश्शांतले सात हिस्से नाहीसे झालेले. त्याच्या आधीच्या रसायनवेत्त्यांनी अशी घट पाहिली नव्हती असे नाही. पण अग्नीने काही खाल्ले, काही उडाले, असे म्हणून ते पुढे जात. ब्लॅकने मात्र, कीर्दीत तूट आढळली म्हणजे प्रामाणिक कारकुनाने जे करावे तेच केले. गेलेली रक्कम कोठे गेली याचा माग काढला. थोडेसे पाणी निघाले, आणि बाकीचा सगळा हिशेब एका वायूच्या नावे पडला. हा वायू चुनखडीतही होता, खडूतही होता. भट्टीत तो निघून गेला की खडूचा दाहक चुना होई, आणि चुना उघड्यावर राहिला की हवेतून तोच वायू परत घेऊन पुन्हा खडू होई, जे आपल्या घराच्या जुन्या भिंतींवरचा गिलावा वर्षानुवर्षे बिनबोभाट करीत असतो. घन पदार्थात बांधून राहणारा म्हणून त्याने त्याला ‘बद्ध वायू’ असे नाव दिले. प्रबंध १७५४ चा, आणि त्याचा विस्तार १७५६ चा. पुढे त्याने नळीतून निवळीत श्वास सोडून पाहिला, तेव्हा ती दुधाळली. कोळसा जाळून निघालेल्या वायूनेही दुधाळली, आणि आंबणाऱ्या मद्याच्या पिंपावरच्या वायूनेही. दगड, श्वास, चूल आणि पिंप यांच्यात एकच अदृश्य चीज हातोहात फिरते आहे, तिला वजन आहे, आणि ज्याला वजन आहे त्याची नोंद होऊ शकते, ही गोष्ट मनुष्यजातीला प्रथम कळली ती अशी.

या वायूस आजची शाळकरी मुले कार्बन डायऑक्साइड म्हणतात. जुन्या मराठी शास्त्रग्रंथांत त्याला कर्बाम्ल वायू म्हणत असत, आणि मला तो जुना शब्दच अधिक बरा वाटतो. कारण त्यात आंबटपणाची खूण आहे, आणि पृथ्वीच्या पाठीवर या वायूने जे काही घडविले आहे ते पुष्कळसे या आंबटपणाच्या बळावर.

वनस्पतींचे खाते उघडण्यास मग फार अवधी लागला नाही. मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत जोसेफ प्रीस्टली याने १७ ऑगस्ट १७७१ रोजी पुदिन्याची एक डहाळी ठेवली, आणि दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळाली. १७७९ मध्ये यान इंगेनहौस याने दाखविले की हे काम हिरवी पाने करतात आणि उजेडातच करतात. आणि १८०४ मध्ये जिनीव्हाच्या तेओदोर द सोस्यूर याने मोजमाप करून सिद्ध केले की झाडाचे शरीर मुख्यतः हवेतल्या कर्बाम्लाचे आणि पाण्याचे बनलेले असते, मातीचे नव्हे. मधल्या काळात लाव्हाझिए याने कर्बाम्लाचे दोन घटक वेगळे ओळखून कर्बाला मूलद्रव्याच्या पंक्तीत बसविले होते. हे सारे पाठ्यपुस्तकांत सविस्तर आहे, म्हणून येथे त्यावर रेंगाळत नाही. पाठ्यपुस्तकांत जो सहसा सापडत नाही, तो पुढला माणूस माझ्या विशेष आवडीचा आहे.

झाक-जोसेफ एबेलमेन हा फ्रान्सच्या खाणखात्यातला अभियंता. पुढे १८४७ मध्ये तो सेव्र येथील चिनी मातीच्या सुप्रसिद्ध सरकारी कारखान्याचा मुख्य झाला, आणि १८५२ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. चिनी माती म्हणजे तरी काय, तर फेल्स्पारासारखी खनिजे कुजून मागे उरलेला गाळ; तेव्हा दगड कसा कुजतो हा प्रश्न त्याच्या पोटापाण्याच्या धंद्यापासून फारसा दूर नव्हता. १८४५ साली खाणखात्याच्या नियतकालिकात त्याने जो लेख लिहिला, त्यातली रीत ब्लॅकच्या रीतीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. एकाच खडकाचा ताजा गाभा आणि त्याच्यावरचे कुजलेले कवच असे दोन नमुने घ्यावयाचे, दोघांचे पृथक्करण करावयाचे, आणि कोणते द्रव्य कवचातून गहाळ झाले ते पाहावयाचे. बेसाल्टाच्या कवचात त्याला चुना कमी आढळला, मॅग्नेशिया कमी आढळला, सोडा व पोटॅश कमी आढळले. ही द्रव्ये नेली कोणी? पावसाच्या पाण्याने, आणि निव्वळ पाण्याने नव्हे, तर हवेतून आणि जमिनीतून कर्बाम्ल पिऊन आंबट झालेल्या पाण्याने. तो चुना नदीवाटे समुद्रात जातो, तेथे शंखशिंपल्यांच्या रूपाने पुन्हा घट्ट होतो आणि तळाशी चुनखडकाचे थर बनतात. म्हणजे डोंगरावरचा एकेक दगड कुजताना हवेतला थोडा थोडा कर्ब समुद्राच्या तळाशी मुदतीची ठेव म्हणून पोचवीत असतो.

येथवर कोणीही हुशार मनुष्य आला असता. एबेलमेनचे मोठेपण त्याच्या पुढल्या पावलात आहे. हा व्यवहार जर एकतर्फी असेल, नुसता खर्चच पडत असेल, तर हवेतली तुटपुंजी शिल्लक पृथ्वीच्या आयुष्याच्या मानाने चुटकीसरशी संपावयास हवी होती. ती संपलेली नाही, झाडे उपाशी मेलेली नाहीत, त्या अर्थी जमेची बाजू कोठेतरी असलीच पाहिजे. आणि ती त्याने ज्वालामुखींच्या नावे टाकली, कारण त्यांच्या मुखांतून कर्बाम्ल निघते हे ठाऊक होते. गाडल्या गेलेल्या वनस्पतींचे, म्हणजे दगडी कोळशाचे, खातेही त्याने वेगळे पाडले : तेथे कर्ब जमिनीत राहतो आणि त्याच्या वाटणीचा प्राणवायू हवेत मोकळा होतो. थोडक्यात, आज विद्यापीठांतून कर्बाचे दीर्घकालीन चक्र म्हणून जे शिकवितात, त्याची अख्खी खतावणी या तिशीतल्या अभियंत्याने लिहून ठेवली होती. दफ्तर मात्र बंदच राहिले. शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकन रसायनवेत्ता हॅरल्ड युरी याने यातला काही भाग स्वतंत्रपणे पुन्हा मांडला, आणि रॉबर्ट बर्नर व कर्क माश या दोघांनी १९९६ मध्ये तो जुना फ्रेंच लेख उघडून, हे सर्व येथे आधीच आहे, अशी प्रांजळ कबुली छापली, तेव्हा एबेलमेनला वारून एकशे चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

एबेलमेनच्या त्या बेसाल्टाशी महाराष्ट्राइतका घरोबा जगात फार थोड्या मुलखांचा असेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाने दख्खनचे पठार थरावर थर चढवून उभे केले. आजही त्याचा विस्तार सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भरतो. त्या स्फोटक काळात या मुलखाने हवेला कर्बाम्लाचे मोठे कर्ज दिले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात हेच कातळ त्याची परतफेड, म्हणजे वसुली, सावकाश करीत आले आहेत. सर्व खडकांत बेसाल्ट हा कर्बाम्लास फार लवकर वश होणारा. त्यात सह्याद्रीसारखा पाऊस आणि आमच्याकडची ऊब, मग काय विचारता! कृष्णा-गोदावरीच्या पाण्यात विरघळून जाणारा चुना ही त्याच वसुलीची रोकड. सगळीच रक्कम समुद्रापर्यंत पोचते असेही नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला लागून जे पांढुरके चुनखडीचे खडे वर येतात, आणि ज्यांच्या नावाने बागायतदार बोटे मोडतो, त्यांत हवेतला कर्ब वाटेतच अडकून पडलेला असतो. ही वसुली बिनचूक आहे, पण तिची चाल मोठी सुस्त आहे. साऱ्या पृथ्वीवरचे सारे खडक मिळून वर्षाकाठी जो कर्ब हवेतून काढतात, तो अर्धा अब्ज टनाच्याही आत भरतो.

दगडाचे खाते इतके सुस्त असताना त्यात माणसाची रक्कम कितीशी असावी, हा प्रश्न प्रथम आकड्यांनिशी विचारला तो स्वीडनच्या आर्विद ह्यॉगबोम या भूशास्त्रज्ञाने, १८९४ मध्ये. ज्वालामुखी किती देतात, चुनखडक किती घेतात, समुद्र किती अडवितो, याची तेरीज जुळविता जुळविता त्याने गिरण्या-कारखान्यांत जळणारा कोळसाही सहज एका ओळीत मांडून पाहिला. आणि आश्चर्य असे की, ती ओळ निसर्गाच्या मोठाल्या रकमांच्या तोडीची निघाली. त्याचा मित्र स्वांत आऱ्हेनियस हा त्या वेळी हिमयुगांच्या कोड्यात गुंतला होता. १८९४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो गणितास बसला आणि जवळजवळ वर्षभर कागदपेन्सिलीने आकडेमोड करीत राहिला. हवेतले कर्बाम्ल दुप्पट झाले तर पृथ्वी पाचसहा अंशांनी तापेल, हा त्याचा १८९६ चा निष्कर्ष प्रसिद्धच आहे; पण त्याच निबंधातला ह्यॉगबोमकडून घेतलेला एक बारीक आकडा मला अधिक बोलका वाटतो. जगात दरसाल ५० कोटी टन कोळसा जळतो, आणि त्यापासून हवेतल्या एकूण कर्बाम्लाच्या सुमारे एक सहस्रांशाएवढी भर पडते. स्वीडनच्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला या भविष्यात भिण्यासारखे काही दिसले नाही, उलट उत्तरेकडच्या राष्ट्रांचे भलेच होईल असे वाटले, यात नवल नाही. आणि शिवाय दुप्पट होण्यास हजारो वर्षे लागतील असा त्याचा अदमास होता. ५० कोटींचा आकडा स्थिर राहील हे त्याने गृहीत धरले. तो राहिला नाही.

यानंतर बेचाळीस वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९३८ रोजी, लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर नावाचा एक गृहस्थ उभा राहिला. हा वाफेच्या यंत्रांचा अभियंता. हवामानशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा छंद. त्याने १४७ ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी गोळा केल्या होत्या, हवेच्या जुन्या पृथक्करणांतली विश्वसनीय तेवढी निवडून काढली होती, आणि त्याचे म्हणणे असे की गेल्या अर्धशतकात मनुष्याने इंधन जाळून १५,००० कोटी टन कर्बाम्ल वायू हवेत सोडला आहे, त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश हवेतच आहे, आणि पृथ्वी तापते आहे. सभेत बसलेल्या तज्ज्ञांत सर जॉर्ज सिम्प्सन होते, ज्यांची उमेदीची वर्षे सिमल्यास हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्यात गेली होती. हवामानशास्त्राबाहेरच्या मनुष्यास या विषयाची गुंतागुंत उमगणे कठीण, अशा आशयाचे त्यांचे मत कार्यवृत्तात आहे. सिम्प्सन काही सामान्य असामी नव्हते, आणि कॅलेंडरच्या गणितात ढोबळपणा होता हेही खरे. परंतु खात्याबाहेरच्या मनुष्याने खात्याच्या वहीत बोट घातले म्हणजे खात्याला जो राग येतो, त्याचा दर्प त्या शब्दांना आहे हे नाकारता येत नाही.

तज्ज्ञांच्या अविश्वासाला एक भक्कम आधार होता, आणि तो म्हणजे समुद्र. हवेच्या मानाने समुद्रात कर्ब पन्नासपट. एवढा मोठा सावकार दारी असता माणसाने टाकलेली चिल्लर तो सहज पोटात घालील, ही समजूत अगदी स्वाभाविक होती. ती मोडली १९५७ साली, रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांच्या निबंधाने. समुद्राच्या पाण्यात शिरलेल्या कर्बाम्लाशी संयोग पावावयास तेथे जे कार्बोनेट लागते, त्याचा साठा मर्यादित आहे. जितके कर्बाम्ल घ्यावे तितके पुढचे घेणे अवघड होत जाते. आणि त्यामुळे हवेतले प्रमाण शेकडा दहाने वाढले तर समुद्राच्या वरच्या थरातला कर्ब शेकडा एकाच्याच आसपास वाढतो. सावकार श्रीमंत होता, पण त्याच्या तिजोरीचे दार अरुंद होते. हा मुद्दा रेव्हेलने हस्तलिखितात मागाहून, जवळजवळ अखेरच्या घटकेस घातला असे इतिहासकार सांगतात. या रेव्हेलचा आपल्याशीही थोडा ऋणानुबंध आहे : १९६४ मध्ये नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाचा तो एक सदस्य होता, आणि त्या आयोगाचे सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. बहिरेवाडीच्या नाईकांशी त्याच्या गप्पा कर्बावर झाल्या असतील असे नाही. प्राथमिक शाळांवर मात्र नक्की झाल्या असतील.

आता शिल्लक राहिला होता तो एकच साधा प्रश्न, ज्याचे उत्तर दोनशे वर्षांत कोणाला नीट देता आले नव्हते : आज, या घटकेस, हवेत कर्बाम्ल आहे तरी किती? स्कँडिनेव्हियात १९५४ पासून ठिकठिकाणी नियमाने मोजमाप चालू होते, परंतु आकडे गावोगाव आणि महिनोमहिने इतके हेलकावत की हवेला स्थिर असे प्रमाणच नाही, असा समज दृढ होत चालला होता. या घोळात चार्ल्स डेव्हिड कीलिंग शिरला तो निव्वळ योगायोगाने. १९२८ साली पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे जन्मलेला हा रसायनवेत्ता कॅलिफोर्नियात एका निराळ्याच कामावर होता. नदीच्या पाण्यातल्या चुन्याचा हवेशी समतोल तपासण्याचे ते काम, म्हणजे मुळात एबेलमेनच्याच घराण्यातले. त्यासाठी हवेचा आकडा हवा होता, तो मोजण्याजोगे उपकरण बाजारात नव्हते, म्हणून जुन्या लेखाच्या आधारे त्याने काचेचे एक दाबमापक स्वतःच तयार करविले. १९५५ मध्ये हवा काढून घेतलेले पाच लिटरांचे काचेचे फुगे घेऊन तो बिग सर येथील सरकारी उद्यानात, उंच रेडवुड वृक्षांखाली, तंबू ठोकून राहिला. बरोबर पत्नी लुईस, आणि तिला पहिल्या बाळाचे दिवस गेलेले. कामाचे स्वरूप असे की दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, पांघरुणातून उठावे, श्वास रोखून फुग्याची तोटी उघडावी, आत शिरणाऱ्या हवेचा सूं असा आवाज ऐकावा, तोटी बंद करावी आणि पुन्हा निजावे. दिवसातून एकदा नमुना घेतला असता तरी चालले असते. इतक्या वेळा का घेतला याचे त्याने पुढे दिलेले कारण एवढेच, की त्या कामात त्याला मौज वाटत होती.

त्या मौजेतून जे निघाले ते असे. रात्री झाडे आणि माती उच्छ्वास टाकतात, तेव्हा आकडा चढतो; दिवसा पाने तो ओढून घेतात, तेव्हा उतरतो; परंतु दुपारी, ऊन तापून वर-खालची हवा ढवळली गेली म्हणजे, आकडा ज्या जागी येऊन बसतो ती जागा जंगलात, वाळवंटात, डोंगरावर, जेथे जावे तेथे जवळजवळ एकच : दहा लक्ष भागांत सुमारे ३१० भाग. म्हणजे हवेची शिल्लक ठाम होती. हेलकावे खात होती ती मोजणाऱ्यांची हत्यारे आणि गावोगावची धुराडी.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष आले आणि कीलिंगला, क्वचितच होते तशी, वेळेवर मंजुरी मिळाली. अमेरिकेच्या हवामान खात्यातले हॅरी वेक्सलर यांना अखंड नोंदीची कल्पना पटली. रेव्हेलने त्याला स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत बोलावून घेतले, जरी स्वतः रेव्हेलचा ओढा जहाजांतून आणि विमानांतून जगभरचे नमुने एकदाच घ्यावे आणि वीस वर्षांनी पुन्हा घ्यावे, अशा मोजणीकडे होता. अवरक्त किरणांनी कर्बाम्ल मोजणारे यंत्र हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर बसविण्यात आले, जेथे चहूकडे उघडा काळा लाव्हा, झाड नाही, गाव नाही, आणि वारा येतो तो हजारो मैल समुद्रावरून. डोंगराच्या मुखातून निघणारे कर्बाम्ल अधूनमधून वाऱ्याने खाली येई, तेव्हा कागदाच्या सुरळीवरची लेखणी थरथरू लागे, आणि तेवढा भाग हिशेबातून वगळण्याची शिस्त पहिल्यापासून ठेवली गेली. २९ मार्च १९५८ रोजी पहिली नोंद पडली : ३१३. कीलिंग त्या दिवशी तेथे हजरही नव्हता.

एप्रिलात आकडा एका भागाने चढला, मे महिन्यात आणखी चढला. मग वीज गेली, यंत्र बंद पडले, आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू झाले तो आकडा मेच्या खाली. कीलिंग हवालदिल झाला; पुनः ठिकाण्यावर न येणारी वेडीवाकडी शिल्लक हाती घेऊन संस्थेपुढे कसे जावे? पण दुसरे वर्ष पहिल्याप्रमाणेच गेले : मेमध्ये चढ, सप्टेंबर-ऑक्टोबरात उतार, पुन्हा चढ. पृथ्वीचा बराचसा भूभाग, आणि म्हणून बरीचशी झाडी, उत्तर गोलार्धात आहे. तिकडे उन्हाळ्यात पालवी फुटून पाने हवेतला कर्ब अंगी लावतात आणि पानगळीनंतर तोच कुजून परत येतो. प्रीस्टलीच्या बरणीत पुदिन्याने जे केले होते, ते एका गोलार्धातली सारी अरण्ये, कुरणे आणि शेते मिळून करीत होती, आणि त्याचा चढउतार, सुमारे सहा भागांचा, महासागराच्या मध्यावरच्या एका सुरळीवर उमटत होता. तिसरी गोष्ट अधिक बारकाईने पाहावी लागली. प्रत्येक मे महिना मागच्या मेपेक्षा वर होता. १९६० साली त्याने ती छापली.

यापुढची हकीकत विज्ञानाची कमी आणि दफ्तराची जास्त आहे. दक्षिण ध्रुवावरची अखंड नोंद १९६३ च्या अखेरीस पैशावाचून बंद पडली. १९६४ च्या वसंतात खुद्द मौना लोआचे यंत्रही काही आठवडे थांबले, आणि आलेखात तेवढी फट आजही दिसते. पुढे अनुदान देणाऱ्यांनी विचारले की, तेच तेच मोजण्यात संशोधन ते कोणते? हे तर कारकुनी काम. प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. रोजकीर्द लिहिणे हे कारकुनीच काम असते. मात्र ज्याची कीर्द एक दिवस चुकली त्याचा ताळेबंद जन्माचा चुकतो, हे पेशवाईतल्या फडावरचा साधा उमेदवारही जाणत होता, आणि वॉशिंग्टनातल्या मुत्सद्द्यांना ते पटविण्यात कीलिंगची निम्मी हयात खर्ची पडली. तो २००५ मध्ये वारला. नोंद त्याचा मुलगा राल्फ याच्या देखरेखीखाली चालू राहिली.

कीर्द १९५८ पासूनची; तिच्या मागची पाने बर्फात निघाली. फ्रेंच संशोधक क्लोद लोरियस हा १९६५ साली अंटार्क्टिकावर मुक्कामाला असता, खोल भोकातून काढलेल्या बर्फाचा एक तुकडा त्याने संध्याकाळी व्हिस्कीच्या पेल्यात टाकला, आणि त्यातून फुटून वर येणारे बुडबुडे पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की ही कोंडून पडलेली प्राचीन हवा आहे. त्या बुडबुड्यांचे पृथक्करण होता होता आठ लक्ष वर्षांचे दस्तऐवज हाती आले. त्यांत हिमयुगी सुमारे १८० आणि उबदार काळात फार तर ३०० भाग, या दोन कडांमध्येच शिल्लक खालीवर होत राहिली आहे. कीलिंगचा पहिला आकडा, ३१३, हा त्या सगळ्या पानांच्या बाहेरचा होता, हे कीलिंगला तेव्हा कळण्याचा मार्ग नव्हता.

आजचा हिशेब सांगून टाकतो. ज्वालामुखी वर्षाकाठी जे देतात ते माणसाच्या रकमेच्या शंभरातला एखाद-दुसरा हिस्सा भरते. कोळसा, तेल व वायू यांतून माणूस दरसाल सुमारे दहा अब्ज टन कर्ब हवेत सोडतो. हवेतला एक भाग वाढण्यास दोन अब्ज टनांहून थोडा अधिक कर्ब लागतो. आणि सोडलेल्यापैकी निम्म्याच्या आसपास समुद्र आणि झाडी मिळून उचलतात म्हणून वाढ दरसाल दोन-तीन भागांवर राहते. ही उचल किती वर्षे अशीच चालेल, यावर पंडितांत वाद आहे. कॅलेंडरने तीन-चतुर्थांश म्हटले होते, निम्मे निघाले, फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसाची चूक यापेक्षा पुष्कळ मोठी असती तरी मी ती माफ केली असती.

२७ नोव्हेंबर २०२२ रोजी मौना लोआ अडतीस वर्षांनी जागा झाला. दुसऱ्या दिवशी लाव्ह्याने वेधशाळेची वाट आणि विजेची तार दोन्ही तोडली, आणि यंत्र बंद पडले. डिसेंबरात शेजारच्या मौना केआच्या माथ्यावर तात्पुरती सोय करून नोंद पुढे चालू झाली. १९५९ ची सरासरी ३१६ होती. २०२४ ची ४२४ च्या वर गेली.

वाचकांना एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यानंतर वरंध्याला, आंबेनळीला, किंवा जो घाट जवळ असेल तेथे, रस्त्याच्या कापलेल्या दरडीपाशी थोडे थांबावे. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सोलत आलेले गोटे तेथे दिसतील. त्यांतला एखादा दुसऱ्या दगडाने फोडून पाहावा. बाहेरचे तांबूस, बोटाने खरवडता येणारे कवच आणि आतला निळसर काळा, कठीण गाभा यांमधली रेघ अगदी स्पष्ट असते. एबेलमेनने ज्याचे वजन केले ते हेच कवच, आणि त्याची जाडी आपण टाकलेल्या दहा अब्ज टनांमुळे या जन्मात तरी डोळ्यांना दिसेल इतकी वाढावयाची नाही.